बिलावर लोगो आणि मराठी छापायच्या ईएससी-पॉस कमांड: सगळ्या वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

बिलाच्या डोक्यावर दुकानाचा लोगो छापायचा म्हटलं तर ईएससी-पॉसमध्ये, म्हणजे बिलाच्या प्रिंटरला हुकूम द्यायच्या एप्सनच्या कमांडच्या भाषेत, एक नाही, चांगले पाच रस्ते आहेत, आणि नवीन माणूस नेमका इथेच अडकतो, कारण नेटवर त्यातल्या कुठल्यातरी एका कमांडचं उदाहरण सापडतं, ते आपल्या प्रिंटरवर चाललं तर चाललं, नाही चाललं तर का नाही ते कुणी सांगत नाही. मी सांगली-मिरज भागात किराणा, स्वीट मार्ट, मेडिकल, खानावळी यांना बिलिंग बसवून देतो, त्यामुळे एप्सनच्या टीएम-टी८२ पासून ते नाव-गाव नसलेल्या ५८ एमएम ब्लूटूथ प्रिंटरपर्यंत बरंच काही हाताखालून गेलंय आणि या सगळ्या कमांड पुन्हा पुन्हा वापरून झाल्यात. कुठली चांगली, कुठली नुसती मॅन्युअलमध्ये चांगली दिसते, ते लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इंग्रजी बिल छापणाऱ्याला या कमांड फक्त लोगोपुरत्या लागतात, बाकीचं बिल नुसतं टेक्स्ट पाठवलं की होतं. आपल्याला मराठी बिल छापायचं तर तसं होत नाही, कारण प्रिंटरच्या आत जे अक्षरांचे तक्ते असतात, म्हणजे कोडपेज, त्यात बहुतेक ठिकाणी देवनागरी नसतेच. आणि असली तरी नुसती सुटी अक्षरं असून भागत नाही ना, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायला पाहिजे, रफार वर चढायला पाहिजे, जोडाक्षर जुळायला पाहिजे, हे सगळं त्या छोट्या प्रिंटरच्या डोक्यात नाहीये. म्हणून मराठीसाठी अख्खं बिलच चित्र म्हणून पाठवावं लागतं. त्यामुळे ज्याला बाकीचे लोक लोगोची कमांड म्हणतात ती आपली रोजची भाषेची कमांड आहे, आणि मी तिच्याकडे त्याच नजरेने बघतो. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लावावी लागते, पाट्या झाल्यापण, पण त्याच पाटीखाली गिऱ्हाइकाच्या हातात जे बिल पडतं ते अजून स्पेलिंग चुकलेल्या इंग्रजीत असतं. ते बदलता येतं आणि त्याला नवीन मशीन लागत नाही, आहे त्याच प्रिंटरवर होतं, म्हणून एवढं सगळं लिहितोय.

सुरुवात माझ्या सगळ्यात आवडत्या कमांडपासून, जीएस व्ही शून्य. बाइट बघायचे तर २९ ११८ ४८, मग एक मोड, मग रुंदीचे दोन बाइट, उंचीचे दोन बाइट, आणि मग चित्र. मोड शून्य म्हणजे आहे तसं, एक म्हणजे दुप्पट रुंद, दोन म्हणजे दुप्पट उंच, तीन म्हणजे दोन्ही. चित्र एका ओळीनंतर दुसरी ओळ असं वरून खाली जातं, एका बाइटमध्ये आठ डॉट, सगळ्यात मोठा बिट डावीकडे, आणि बिट १ म्हणजे काळा डॉट. एवढंच. ५८ एमएमच्या प्रिंटरवर छापायची जागा ४८ एमएम असते, ८ डॉट प्रति मिलिमीटर म्हणजे ३८४ डॉट, म्हणजे ४८ बाइट. त्यावर १६० डॉट उंच लोगो पाठवायचा तर २९ ११८ ४८ ० ४८ ० १६० ० आणि त्यामागून ७६८० बाइट. ८० एमएमवर छापायची जागा ७२ एमएम, ५७६ डॉट, ७२ बाइट. इथे लक्षात ठेवायचं की रुंदी बाइटमध्ये मोजायची आणि उंची डॉटमध्ये, बरेच जण दोन्ही डॉटमध्ये देतात आणि मग प्रिंटर आठपट डेटाची वाट बघत गप्प बसतो, लोकांना वाटतं मशीन हँग झालं.

गंमत बघा, ही कमांड एप्सनने स्वतःच्या कागदपत्रांत जुनी ठरवलीये, तिच्याऐवजी जीएस ब्रॅकेट एल वापरा असं सांगितलंय. पण बाजारात आपल्याकडे जे स्वस्त प्रिंटर खपतात त्यांच्यावर नवीन कमांड चालेलच याची खात्री नसते आणि जीएस व्ही शून्य जवळजवळ सगळीकडे चालते. माझ्यासाठी तीच पहिली. आणखी एक फायदा म्हणजे दोन चित्रं एकामागे एक पाठवली तर मध्ये फट पडत नाही, म्हणून मोठं बिल तुकडे करून पाठवता येतं. स्वस्त प्रिंटरमध्ये मेमरी एवढीशी असते, अख्खं बिल एका दमात ढकललं की अर्ध्यातून कचरा छापायला लागतो, तेव्हा १२८ किंवा २५६ डॉट उंचीचे तुकडे करा, ब्लूटूथ असेल तर दोन तुकड्यांमध्ये थोडं थांबा, काम होतं. तुकडे अगदीच बारके केले तर मात्र मोटर थांबत-सुरू होत राहते आणि चित्रात बारीक आडव्या रेघा दिसतात, तेव्हा प्रिंटर बघून मधला आकडा काढायचा. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो स्पीडसाठी, त्याचा हिशोब खाली आहे.

आता ईएससी स्टार. ही सगळ्यात जुन्या वळणाची, डॉट मॅट्रिक्सच्या काळातली पद्धत, चित्र आडव्या ओळींत जात नाही, उभ्या रकान्यांत जातं. २७ ४२ ३३, मग किती रकाने त्याचे दोन बाइट, मग प्रत्येक रकान्याचे तीन बाइट म्हणजे २४ डॉट, सगळ्यात मोठा बिट वर. ३८४ रकाने असतील तर १२८ १ असे दोन बाइट आणि मागून ११५२ बाइट डेटा, मग १० पाठवून ओळ बदलायची. उंच लोगो असेल तर त्याच्या २४-२४ डॉटच्या पट्ट्या करायच्या. आणि इथेच तो प्रसिद्ध प्रॉब्लेम येतो, लोगोमध्ये पांढऱ्या आडव्या फटी. कारण साधं आहे, प्रिंटरचं नेहमीचं ओळींतलं अंतर साधारण ३० डॉट किंवा त्याहून जास्त असतं आणि आपली पट्टी २४ चीच, तर उरलेले डॉट कोरे राहतात. त्याला उपाय ईएससी तीन, २७ ५१ आणि पुढे अंतर. हे अंतर कुठल्या एककात आहे ते मात्र मॉडेल बघून ठरतं, एप्सनच्या बऱ्याच मॉडेलवर अर्ध्या डॉटचं एकक आहे म्हणून ४८ द्यावे लागतात, स्वस्त प्रिंटरवर बहुतेक वेळा २४ दिले की जुळतं. चित्र झाल्यावर २७ ५० पाठवून अंतर परत नॉर्मल करायचं, नाहीतर खालचं सगळं टेक्स्ट एकमेकांना चिकटून येतं. फोरमवर लोक या फटींसाठी प्रिंटर बदलायला निघतात, अहो दोन-तीन बाइटचं काम आहे ते.

लोगोसाठी मी ही कमांड नाही वापरत. पण तिचा एक गुण असा आहे की जो जीएस व्ही शून्यमध्ये नाही, आणि तो मराठी बिलासाठी खरंच मोलाचा आहे. ईएससी स्टारचं चित्र ओळीत बसतं, अक्षरासारखं. जीएस व्ही शून्य ओळीच्या सुरुवातीलाच चालते आणि तिची तिची वेगळी जागा घेते, पण ईएससी स्टारने मालाचं नाव चित्र म्हणून टाकलं की त्याच ओळीत पुढे नग, भाव, रक्कम साधे आकडे म्हणून टाकता येतात आणि सगळं एका ओळीत छापून येतं. नेहमीच्या फॉन्टची उंची २४ डॉट आणि आपली पट्टी पण २४, तळ जुळतो. डेटा पण वाचतो, २८८ रकान्यांचं नाव म्हणजे ८६४ बाइट, तर पूर्ण रुंदीची ३० डॉट उंच ओळ म्हणजे २१६० बाइट. अडचण एवढीच की २४ डॉटमध्ये देवनागरीची वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही बसवायचं म्हणजे अक्षर फार बारीक करावं लागतं. साध्या नावांना चालतं, पण ज्यांचे बिल वयस्कर लोक वाचतात अशा दुकानात मी नाही देत. लोगोला दोन, मराठी नावांच्या युक्तीला चार.

एनव्ही लोगोची जोडी, एफएस क्यू आणि एफएस पी. याबद्दल लोक फार कमी लिहितात आणि मला ती फार आवडते. लोगो एकदाच प्रिंटरच्या कायमच्या मेमरीत ठेवायचा आणि नंतर प्रत्येक बिलावर फक्त चार बाइट पाठवायचे, २८ ११२ १ ०. वीज गेली, प्रिंटर बंद झाला, लोगो आत राहतो. ठेवायचा कसा तर २८ ११३, मग किती चित्रं तो आकडा, मग प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची, इथे दोन्ही आठ-आठ डॉटच्या एककात, म्हणजे ३८४ बाय १६० साठी ४८ आणि २०, आणि डेटा रकान्यांप्रमाणे, ओळींप्रमाणे नाही. जीएस व्ही शून्यसाठी केलेला डेटा इथे तसाच टाकला तर लोगोची खिचडी होते. दुसरं म्हणजे एफएस क्यू चालवली की आधीचे सगळे लोगो पुसले जातात, एक बदलायचा असला तरी सगळे परत पाठवायचे. आणि तिसरं फार महत्त्वाचं, एप्सन स्पष्ट सांगतं की या मेमरीत दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा लिहू नका, ती झिजते. म्हणून लिहायचं काम सेटिंगच्या स्क्रीनवर एका वेगळ्या बटणाला द्या, बिलाच्या कोडमध्ये चुकूनसुद्धा घालू नका. एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मी बघितलंय की दर बिलाला लोगो आधी लिहून मग छापत होतं, दुकानदार बिचारा दर बिलाला थांबून राहायचा कारण लिहून झालं की तो प्रिंटर स्वतःला रीसेट करायचा, आणि आतली मेमरी झिजत होती ते वेगळंच. लिहिण्याचा भाग काढून टाकल्यावर बिल लगेच यायला लागलं.

जुन्या सिरियल पोर्टवाल्या मशीनवर या जोडीचा फायदा खरा कळतो. ९६०० च्या स्पीडला सेकंदाला साधारण ९६० बाइट जातात, म्हणजे तो ७६८० बाइटचा लोगो पोचायला आठ सेकंद, आणि एफएस पीने ते शून्य. स्वीट मार्टमध्ये दिवाळीच्या आधल्या दिवशी काउंटरवर रांग लागलेली असताना दर बिलामागे आठ सेकंद म्हणजे काय ते काउंटरवर उभं राहिलेल्यालाच विचारा. पाचपैकी चार, एक कापला कारण स्वस्त प्रिंटरपैकी काहींत ही मेमरीच नसते आणि काहींत लोगो फक्त कंपनीच्या विंडोजवरच्या टूलनेच टाकता येतो.

याचाच सावत्र भाऊ म्हणजे जीएस स्टार आणि जीएस स्लॅश, लोगो साध्या मेमरीत ठेवायचा आणि छापायचा. बंद केला की गेला, २७ ६४ म्हणजे रीसेटची कमांड दिली की गेला. आपले बहुतेक प्रोग्रॅम प्रत्येक बिलाच्या सुरुवातीला रीसेट पाठवतातच, मग उपयोग काय. मी सोडून दिलीये.

आणि जीएस ब्रॅकेट एल, एप्सनची आत्ताची अधिकृत. हिच्यात एकाच कमांडखाली खूप कामं आहेत, फंक्शन नंबर बदलला की काम बदलतं. फंक्शन ११२ ने चित्र बफरमध्ये, म्हणजे छापण्याआधीच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवायचं, फंक्शन ५० ने छापायचं, म्हणजे दोन पायऱ्या. फंक्शन ६७ ने एनव्ही मेमरीत लोगो ठेवायचा, ६९ ने छापायचा, ६६ ने एकच लोगो पुसायचा. इथे लोगोला नंबरऐवजी दोन अक्षरांची चावी देता येते आणि एक बदलला तर बाकीचे जागेवर राहतात, एफएस क्यूपेक्षा हे नक्कीच चांगलं. ज्या दुकानात दोन फर्मची बिलं एकाच प्रिंटरवर निघतात, वरती मेडिकल खाली जनरल स्टोअर असं, तिथे मी हेच वापरतो, चांगल्या प्रिंटरवर अगदी बिनचूक चालतं. रुंदी इथे डॉटमध्ये द्यायची, बाइटमध्ये नाही, जीएस व्ही शून्यच्या उलट, हे कोड बदलताना पहिलं तपासा. लांबीचे दोनच बाइट आहेत म्हणून एका वेळी ६५,५३५ च्या आतच, त्याच्या वर गेलात तर जीएस आठ एल आहे, तिच्यात लांबीला चार बाइट मिळतात. काही नव्या मॉडेलवर करड्या छटासुद्धा छापता येतात. कमांड म्हणून पाचपैकी पाच द्यावी अशी आहे, पण आपल्या बाजारातल्या प्रिंटरवर चालण्याचा हिशोब धरला तर तीन.

स्पीडचा हिशोब आता. दहा सेंटीमीटरचं मराठी बिल, ८० एमएमवर, म्हणजे ५७६ बाय ८०० डॉट, म्हणजे ५७,६०० बाइट. ९६०० च्या सिरियलवर हे पोचायला पूर्ण एक मिनिट. १,१५,२०० वर पाच सेकंद. यूएसबी किंवा लॅनवर प्रश्नच नाही, प्रिंटर जेवढ्या जोरात कागद ओढेल तेवढ्या जोरात छापतो. म्हणून मराठी बिल पाहिजे तर सिरियलचा प्रिंटर घेऊ नका, असलाच तर त्याचा स्पीड आधी वाढवा, खालच्या डिप स्विचने किंवा सेटिंगमधून होतो. लोगो एनव्हीत, फक्त मालाची नावं चित्रात आणि आकडे टेक्स्टमध्ये असं मिश्रण केलं तर डेटा बराच कमी होतो.

चित्र तयार करण्याबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण कमांड बरोबर असून लोगो घाण येतो तेव्हा निम्म्या वेळेला कारण इथे असतं. थर्मल प्रिंटरला काळा आणि पांढरा एवढंच कळतं. लोगो काळा-पांढरा करताना पायथनची पिलो लायब्ररी आपण काही सांगितलं नाही तर फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीने ठिपके टाकते, ही १९७६ ची पद्धत आहे आणि फोटोसाठी सुंदर आहे, पण लोगोच्या अक्षरांच्या कडा त्यामुळे चावल्यासारख्या दिसतात. लोगोला सरळ थ्रेशोल्ड लावा, एका ठरावीक उजेडाखालचं सगळं काळं, वरचं पांढरं. गणपतीचं किंवा देवीचं चित्र असेल, आपल्याकडे बिलावर असतंच, तर ते फोटोवरून नका करू, रेघांचं चित्र शोधा किंवा काढून घ्या, ठिपक्यांतला देवाचा चेहरा नीट येत नाही आणि दुकानदाराला ते अजिबात आवडत नाही, बरोबरच आहे त्याचं.

पारदर्शक बॅकग्राउंडचा पीएनजी असेल तर आधी पांढऱ्या कागदावर चिकटवल्यासारखा करून घ्या, नाहीतर पारदर्शक भाग काळा होऊन अख्खा काळा ठोकळा छापला जातो. रुंदी आठच्या पटीत करा, उरलेलं पांढरं भरा. पिलोमध्ये पांढरा म्हणजे १ आणि प्रिंटरला १ म्हणजे काळा, तेव्हा उलटं करायचं. मधोमध आणण्यासाठी २७ ९७ १ आहे, पण काही स्वस्त प्रिंटर चित्राला ती लावतच नाहीत, म्हणून मी डावीकडची कोरी जागा चित्रातच धरतो, कुठेही न्या, मध्येच येतं. मोठे भरीव काळे पट्टे टाळा, एका ओळीत जेवढे जास्त काळे डॉट तेवढा हेडला करंट जास्त, बॅटरीवाले प्रिंटर तिथे फिके पडतात. बोर्डावर लाल पट्ट्यावर पांढरी अक्षरं असतील तर बिलासाठी पांढऱ्यावर काळी करून घ्या. आणि एप्सनच्या टीएम-टी८८ च्या बऱ्याच मॉडेलमध्ये १८० डीपीआय, म्हणजे इंचाला १८० डॉट, आहे, तिथे ८० एमएमच्या कागदावर ५१२ च डॉट बसतात, ५७६ चं चित्र पाठवलं तर उजवीकडची रक्कम कापली जाते.

बाइट रस्त्यात बिघडतात, हा दुसरा मोठा विषय. चित्राचा डेटा कधीही स्ट्रिंग म्हणून पाठवू नका. यूटीएफ-८ मधून गेला की १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट दोन बाइट होतो, चित्र लांबतं, प्रिंटरने मोजलेले बाइट संपले की उरलेला डेटा तो टेक्स्ट समजून छापत सुटतो, हातभर लांब कागदावर चित्रविचित्र अक्षरं. तसंच काही ठिकाणी पोर्ट स्वतःहून १० च्या आधी १३ घालतो, टेक्स्टसाठी ते ठीक, पण चित्रात १० हा आकडा कुठेही येऊ शकतो, तिथून पुढे चित्र तिरकं सरकत जातं. लोगो तिरका सरकलेला दिसला की मी आधी हेच बघतो. विंडोजवर रॉ मोडमध्येच, म्हणजे बाइट आहेत तसेच, पाठवा, ड्रायव्हरमधून टेक्स्ट म्हणून पाठवलं की तो आपल्या पद्धतीने काहीतरी करतो.

मराठी अक्षरांचं चित्र बनवताना शेपिंग, म्हणजे अक्षरं जुळवून योग्य जागी बसवणं, नीट होतंय का बघा. अँड्रॉइड आणि ब्राउझर स्वतःच बरोबर जोडतात, डॉटनेटमध्ये पण येतं, पायथनच्या पिलोला मात्र राक्म नावाची लायब्ररी सोबत लागते, ती नसेल तर वेलांट्या चुकीच्या जागी पडतात. माझी तपासायची नावं ठरलेली आहेत: पुऱ्या, श्रीखंड, कुर्मा, चिक्की, ज्वारी, हिंगाष्टक. पुऱ्यामधला तो अर्धा र नीट आला, कुर्माचा रफार वर बसला, चिक्कीतले दोन क जुळले आणि पहिली वेलांटी च च्या आधी आली, की बाकीचं सगळं येतं. फॉन्टमध्ये एक टाइपचा मुक्ता मला सगळ्यात आवडतो, नोटो सान्स देवनागरी पण छान. नेहमीचं वजन नका घेऊ, एक पायरी जाड घ्या, कारण २०३ डीपीआयला बारीक रेघा तुटतात, मात्रा गळून पडते आणि को चा का होतो. आकार २८ डॉटच्या आसपास. नोटोला भाषा मराठी आहे असं सांगितलं तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. बारीकसं वाटेल, पण गिऱ्हाइकाच्या हातात बिल दिल्यावर ते आपलं वाटायला पाहिजे ना, मी हे सोडत नाही.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर पायथन-ईएससीपॉस आणि पीएचपीवाल्यांसाठी ईएससीपॉस-पीएचपी या दोन्ही लायब्ररी फुकट आहेत आणि वर सांगितलेल्यापैकी तीन रस्ते, म्हणजे जीएस व्ही शून्य, जीएस ब्रॅकेट एल आणि ईएससी स्टार, तिघंही त्यात आहेत, नुसता एक पर्याय बदलला की दुसरी कमांड. लोगो येत नसेल तर आधी हे तिन्ही पर्याय लावून बघा, कोड नंतर तपासा. पायथनवाली लांब चित्राचे तुकडे स्वतःच करते, पण तुकडा ९६० डॉटचा धरते, बारक्या प्रिंटरला तो कमी करून द्या. एप्सनने स्वतःची सगळी कमांड यादी नेटवर खुली ठेवलीये, कुठल्या मॉडेलवर कुठली चालते त्याच्यासकट, आणि एवढं नीट लिहिलेलं कागदपत्र या धंद्यात मी दुसरं बघितलं नाही. इंग्रजी येत नसेल तरी आकड्यांचे तक्ते समजतात, माझ्याकडे कामाला असलेला बारावी झालेला मुलगा तेच वाचून शिकलाय.

आता प्रिंटर विकत घेताना. दुकानदार सेल्फ टेस्टचा कागद काढून दाखवतो त्याच्यावर जाऊ नका, तो फक्त आतला फॉन्ट दाखवतो. लॅपटॉप न्या आणि एक फाइल पाठवा, तिच्यात सुरुवातीला २७ ६४, मग २९ ११८ ४८ ० ४८ ० २४ ०, मग २५५ हा बाइट ११५२ वेळा. पूर्ण काळी, तीन मिलिमीटर उंच पट्टी यायला पाहिजे, ५८ एमएमवर छापायच्या जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ८० एमएमवर रुंदीचा, म्हणजे दुसरा, ४८ बदलून ७२ आणि ११५२ बदलून १७२८ करा. पट्टीत उभी पांढरी रेघ दिसली तर हेडचा तिथला डॉट मेलाय, दुसरा पीस मागा. पट्टी करडी आली तर डेन्सिटी, म्हणजे छपाईचा गडदपणा, वाढवून परत काढा, तरी करडी तर तो प्रिंटर लोगोच्या कामाचा नाही. अक्षरं छापली गेली तर त्याला ही कमांडच येत नाही, मग किंमत कितीही कमी असू दे, मराठी बिलासाठी घेऊ नका. आणि त्याच फाइलला पुढे पुऱ्या-श्रीखंडवालं एक चित्र जोडून ठेवा, दुकानातच वाचता आलं पाहिजे, ट्यूबलाइटखाली, हातभर अंतरावरून.